संत फ्रान्सिस डी सेल्स

हा लेख जिनिव्हाचे कॅथलिक बिशप व लेखक फ्रान्सिस डी सेल्स यांच्याविषयी आहे. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नागपुरातील कॅथेड्रल, शाळा व महाविद्यालयाचा उल्लेख याच लेखात पुढे केला आहे.

संत फ्रान्सिस डी सेल्स (फ्रेंच उच्चार : फ्रांस्वा द साल, २१ ऑगस्ट १५६७ – २८ डिसेंबर १६२२) हे सव्हॉय प्रदेशातील कॅथलिक धर्मगुरू, जिनिव्हाचे बिशप आणि फ्रेंच भाषेतील नामवंत धर्मलेखक होते. युरोपात कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यात धर्मयुद्धे पेटलेली असताना त्यांनी सौम्य वाणी, दीर्घ सहवास आणि लेखन यांच्या आधारे आपली श्रद्धा लोकांपुढे मांडली. उपवासकाळातील त्यांच्या प्रवचनमाला विशेष गाजल्या. चर्चने त्यांना १६६५ मध्ये संतपद दिले, तर १८७७ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना 'चर्चचे आचार्य' ही पदवी दिली. ते नागपूर महाधर्मप्रांताच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत आहेत. नागपूरकरांच्या तोंडी 'एसएफएस' या तीन अक्षरांनी त्यांचे नाव रोज असते. त्या अक्षरांमागील माणूस मात्र मराठी वाचकाला फारसा परिचित नाही.

पार्श्वभूमी आणि शिक्षण

फ्रान्सिस यांचा जन्म सव्हॉयमधील थोरां या गावी एका उमराव घराण्यात झाला. आल्प्स पर्वताच्या कुशीतला हा प्रदेश आज फ्रान्समध्ये आहे. त्या काळी तेथे सव्हॉयच्या ड्यूकची स्वतंत्र सत्ता होती. जिनिव्हा शहराने १५३०च्या दशकात बिशपची सत्ता झुगारली आणि पुढे ते जाँ कॅल्व्हिन यांच्या सुधारणावादी पंथाचे केंद्र बनले. त्यामुळे 'जिनिव्हाचे बिशप' ही पदवी धारण करणाऱ्याला जिनिव्हात राहता येत नसे. त्याचे पीठ जवळच्या आनसी या गावी होते.

थोरल्या मुलाने कायदा शिकून दरबारी मानाचे पद मिळवावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यानुसार १५७८च्या सुमारास फ्रान्सिस पॅरिसला जेझुइटांच्या क्लेरमाँ महाविद्यालयात दाखल झाले. तेथे विशीच्या उंबरठ्यावर त्यांना एका विलक्षण मानसिक संकटातून जावे लागले. कोणाचा उद्धार व्हायचा आणि कोणाचा नाही हे ईश्वराने आधीच ठरविले आहे का, या पूर्वनियतीच्या प्रश्नावर त्या काळी तीव्र वाद चालू होता. आपण नाकारलेल्यांपैकी आहोत, असे फ्रान्सिस यांच्या मनाने घेतले. कित्येक आठवडे अन्न व झोप यांवर परिणाम झाल्यावर, एका चर्चमधील मरियेच्या कृष्णवर्ण मूर्तीपुढे प्रार्थना करीत असताना ही निराशा ओसरली. पुढे काय होणार हे ठाऊक नसले तरी ईश्वरावर प्रेम करणे आपल्या हाती आहे, या निष्कर्षाप्रत ते आले. त्यांच्या नंतरच्या सौम्यपणाचे मूळ येथे शोधावे लागते. निराशेच्या गर्तेत पडलेल्या माणसाला भीती दाखवून काही साधत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

इटलीतील पादुआ विद्यापीठातून १५९१ मध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळविली. वडिलांची नाराजी पत्करून त्यांनी धर्मसेवेचा मार्ग धरला आणि १८ डिसेंबर १५९३ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

शाब्लेचे मिशन (१५९४–१५९८)

जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठावरील शाब्ले हा प्रदेश १५३६ मध्ये बर्नच्या ताब्यात गेला होता व तेथील प्रजा प्रॉटेस्टंट झाली होती. पुढे तो प्रदेश सव्हॉयकडे परत आला. तेथे कॅथलिक मिशन सुरू करण्यास फारसे कोणी तयार नव्हते. १४ सप्टेंबर १५९४ रोजी फ्रान्सिस आणि त्यांचे चुलत बंधू लुई हे दोघे पायी तिकडे निघाले.

पहिली दोन वर्षे अपयशाची होती. थोनाँ या मुख्य गावात उघड कॅथलिक मूठभरच उरले होते. मुक्कामासाठी सुरक्षित जागा म्हणजे आलँज येथील किल्ला. तेथून रोज थोनाँला चालत जायचे, कोणी ऐकलेच तर बोलायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे, असा क्रम होता. प्रवचनाला कोणी येऊ नये, असा गावाचा निर्धार होता. हिवाळ्यात एकदा लांडग्यांच्या भयाने त्यांनी झाडावर चढून, झोपेत खाली पडू नये म्हणून स्वतःला फांदीला बांधून घेतले व रात्र काढली, अशी कथा चरित्रांतून सांगितली जाते.

लोक प्रवचनाला येत नाहीत, तर मजकूर लोकांपर्यंत न्यावा, असा विचार करून त्यांनी १५९५च्या आरंभापासून छोटी पत्रके लिहिण्यास सुरुवात केली. ती घरोघरी वाटली जात, दाराखालून आत सरकविली जात, सार्वजनिक ठिकाणी लावली जात. वाचणाऱ्याला आपण वाचतो आहोत हे शेजाऱ्याला कळू न देता विचार करण्याची सवड त्यातून मिळाली. मतांतर हा विषय चव्हाट्यावर आला की माणूस आपल्याच शब्दांत अडकतो, ही जाण या पद्धतीमागे दिसते. या पत्रकांचे संकलन त्यांच्या मृत्यूनंतर, १६७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. याच कामामुळे पोप अकरावे पायस यांनी १९२३ मध्ये त्यांना पत्रकार व लेखक यांचे आश्रयदाते संत घोषित केले.

१५९६च्या नाताळात थोनाँच्या संत हिप्पोलित चर्चमध्ये त्यांनी मिस्सा अर्पण केली. कित्येक वर्षांच्या खंडानंतर तेथे झालेली ही पहिली नाताळची मिस्सा मानली जाते. यानंतर हळूहळू वातावरण बदलले.

१५९७ मध्ये फ्रान्सिस यांनी जिनिव्हात जाऊन कॅल्व्हिन यांचे उत्तराधिकारी थिओडोर बेझा यांची अनेकदा भेट घेतली. बेझा तेव्हा सत्तरीच्या उत्तरार्धात होते. दोघांचे संभाषण सभ्यतेने झाले. बेझा यांनी आपला पंथ सोडला नाही. या भेटींत पोपच्या वतीने बेझा यांना वार्षिक तनखा देऊ करण्यात आला होता, असे जुने चरित्रकार सांगतात. संतचरित्राच्या चौकटीत हा तपशील अडचणीचा असला तरी तो गाळणे योग्य होणार नाही.

शाब्लेच्या शेवटच्या टप्प्याविषयीही तसेच म्हणावे लागते. १५९८च्या शरद ऋतूत थोनाँ येथे 'चाळीस तासांची आराधना' हा मोठा सोहळा झाला आणि हजारो लोक कॅथलिक पंथात परतले. या सोहळ्यास ड्यूक चार्ल्स इमॅन्युएल जातीने उपस्थित होता. जे परतण्यास तयार नव्हते त्यांच्यावर त्याने पदच्युती व हद्दपारीचा बडगा उगारला. चार वर्षांच्या पायपिटीचे फळ किती आणि राजाज्ञेचे किती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. कॅथलिक परंपरा पायपिटीवर भर देते, प्रॉटेस्टंट लेखक राजाज्ञेवर. दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. आपल्या काळातील बहुतेकांप्रमाणे फ्रान्सिसही राज्याने एका धर्माला आश्रय द्यावा या मताचे होते आणि आजच्या अर्थाने त्यांना धर्मस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हणता येत नाही. त्यांचे वेगळेपण पद्धतीत होते. विरोधकाला शिवीगाळ करणे हा त्या काळच्या वादग्रंथांचा सर्वमान्य प्रघात असताना त्यांनी तो कटाक्षाने टाळला.

उपवासकाळातील प्रवचने

ईस्टरपूर्वी राखेच्या बुधवारपासून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या व्रतस्थ काळाला मराठी कॅथलिक 'उपवासकाळ' किंवा 'प्रायश्चित्तकाळ' म्हणतात. येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण असते. मधले रविवार उपवासाच्या दिवसांत मोजले जात नाहीत. सतराव्या शतकातील युरोपात या काळासाठी नगरपालिका किंवा कॅथेड्रल एखाद्या नामांकित प्रवचनकाराला निमंत्रण देत असे आणि तो संपूर्ण काळ त्या नगरात राहून जवळजवळ रोज प्रवचन करीत असे. चातुर्मासात गावाने पुराणिकबुवांना बसवावे, त्यासारखीच ही प्रथा होती. श्रोते तेच, वक्ताही तोच आणि दिवस भरपूर, त्यामुळे एका प्रवचनात सर्व काही सांगून टाकण्याची घाई वक्त्याला नसे.

फ्रान्सिस यांनी १६०२ मध्ये पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात उपवासकाळाची प्रवचने दिली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. (त्याच महिन्यात ड्यूकने रात्री शिड्या लावून जिनिव्हा जिंकण्याचा प्रयत्न केला व तो फसला. नव्या बिशपचे जिनिव्हात परतणे त्यामुळे आणखी दुरावले.) बिशप झाल्यावर उपवासकाळात परगावी किंवा स्वतःच्या धर्मप्रांतात प्रवचनमाला देणे हा त्यांचा नेम झाला.

१६०४ मध्ये बर्गंडीतील दिजाँ येथे झालेल्या प्रवचनमालेत श्रोत्यांमध्ये जेन द शांताल ही तरुण विधवा होती. तिच्या पतीचा १६०१ मध्ये शिकारीतील अपघातात मृत्यू झाला होता. पदरी चार लहान मुले होती. संन्यस्त जीवनाची तिची ओढ तीव्र होती आणि आधीच्या एका मार्गदर्शकाने तिच्यावर कडक नियमांचे ओझे लादले होते. फ्रान्सिस यांनी तिला लगेच होकार दिला नाही. सहा वर्षे पत्रव्यवहार चालला, मुलांची व्यवस्था लागली, आणि ६ जून १६१० रोजी आनसी येथे दोघांनी मिळून 'व्हिजिटेशन' या भगिनीसंघाची स्थापना केली. प्रकृती नाजूक असलेल्या किंवा वय झालेल्या, ज्यांना कडक मठांत प्रवेश मिळत नसे, अशा स्त्रियांनाही या संघात स्थान होते.

ग्रेनोबल येथील १६१७ व १६१८ च्या उपवासकाळात त्यांच्या प्रवचनांना दोफिने प्रांतातील प्रॉटेस्टंटांचे पुढारी व सेनानी लेदिगिएर हे हजर राहत. दोघांचा स्नेह जडला. लेदिगिएर यांनी १६२२ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. परंतु त्याच वेळी त्यांना फ्रान्सच्या सरसेनापतीचे पद मिळाले आणि ते पद कॅथलिकालाच देण्याचा राजाचा आग्रह होता, हेही नोंदविले पाहिजे.

प्रवचनाच्या कलेविषयी त्यांनी १६०४ मध्ये जेनचे बंधू आंद्रे फ्रेमिओ यांना लिहिलेले दीर्घ पत्र प्रसिद्ध आहे. प्रवचन आटोपशीर असावे, पांडित्याचे प्रदर्शन नसावे, श्रोत्याला बोलणाऱ्याच्या आस्थेचा प्रत्यय यावा, हा त्याचा आशय आहे. प्रवचनाची वाहवा होण्यापेक्षा ऐकणारा घरी जाऊन काय करतो हे त्यांच्या लेखी महत्त्वाचे होते.

मार्टिन

१६०५च्या उपवासकाळात ला रोश या गावी प्रवचनमाला चालू असताना त्यांची गाठ मार्टिन नावाच्या एका जन्मतः मूकबधिर तरुणाशी पडली. तो घरकाम करून उदरनिर्वाह करीत असे. जो ऐकू शकत नाही त्याला श्रद्धेचे शिक्षण देता येत नाही, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. अशा व्यक्तीला ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवले जाई. फ्रान्सिस यांनी मार्टिनला आपल्या घरी कामास ठेवून घेतले. ते स्वतः खुणांच्या साहाय्याने त्याला शिकवू लागले. शिक्षकाकडे तयार पद्धत नव्हती आणि विद्यार्थ्याकडे शब्द नव्हते. दोघांनी मिळून खुणा बसविल्या. ईश्वर, पाप, क्षमा यांसारख्या अमूर्त कल्पना हातवाऱ्यांनी समजावणे किती जिकिरीचे असेल, हे ज्याने कधी वर्गात एखादी अमूर्त संकल्पना शिकविली आहे त्याला सहज कळेल. अखेर मार्टिनने पापनिवेदन केले व त्याला ख्रिस्तप्रसाद मिळाला. तो शेवटपर्यंत बिशपच्या घरीच राहिला.

या प्रसंगामुळे फ्रान्सिस यांना कर्णबधिरांचे आश्रयदाते संत मानतात. उपवासकाळात शेकडो श्रोत्यांसमोर दिलेल्या प्रवचनांचे आज संशोधकांनाच महत्त्व असेल. मार्टिनची हकिकत मात्र जगभरच्या कर्णबधिर शाळांत सांगितली जाते.

ग्रंथरचना आणि उपवासाविषयीचे विचार

'भक्तिमय जीवनाची ओळख' (१६०९) हा त्यांचा सर्वाधिक खपलेला ग्रंथ. एका विवाहित स्त्रीला दिलेल्या लेखी मार्गदर्शनातून तो आकारास आला. मठात न जाता, संसार, व्यापार, सैन्य किंवा दरबार यांत राहूनही भक्ती करता येते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. वारकरी परंपरेत वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, परंतु त्या काळच्या कॅथलिक युरोपात साधना ही मठवासीयांची मिरास समजली जात असे. 'ईश्वरप्रेमावरील प्रबंध' हा दुसरा मोठा ग्रंथ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच वर्षी गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. दोघा लेखकांची भेट झाल्याचा प्रश्नच नाही. तरीही परक्या वाटणाऱ्या श्रोत्याशी त्याच्या भाषेत आणि त्याच्या शंकांना वाव देऊन बोलण्याची दोघांची वृत्ती एकमेकांशी जुळणारी आहे. 'क्रिस्तपुराणा'त पाद्री-गुरू श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत देत कथा पुढे नेतात.

उपवासाविषयी फ्रान्सिस यांची भूमिका मध्यममार्गी होती. अतिरेकी उपवासाने शरीर खंगते आणि मग त्याचे नको तितके लाड करावे लागतात, असा इशारा त्यांनी दिला. अन्नपाण्याचा थेंब न घेणारा माणूस शेजाऱ्याच्या निंदेत जीभ बुडवत असेल तर तो भक्त नव्हे, असे त्यांनी 'ओळख'च्या आरंभीच बजावले आहे. मृत्यूच्या वर्षी, ९ फेब्रुवारी १६२२ रोजी राखेच्या बुधवारी त्यांनी व्हिजिटेशन भगिनींपुढे उपवासावर प्रवचन केले. उपवास मनापासून असावा, दिखाव्यासाठी नसावा आणि ईश्वराला प्रसन्न करण्यासाठी असावा, अशा तीन अटी त्यांनी त्यात सांगितल्या. डोळे, कान, जीभ आणि कल्पनाशक्ती यांचाही उपवास व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी २८ डिसेंबरला लियाँ येथे व्हिजिटेशन मठाच्या माळ्याच्या झोपडीवजा घरात मुक्कामास असताना त्यांचे निधन झाले. समाधी आनसी येथे आहे.

नागपूरशी संबंध

फ्रान्सिस यांच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १८३८ मध्ये, फादर पिएर-मारी मेर्मिए (१७९०–१८६२) यांनी सव्हॉयमध्ये 'संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे मिशनरी' हा संघ स्थापन केला. त्याचे सदस्य फ्रान्सेलियन नावाने ओळखले जातात. या संघाचे पहिले मिशनरी १८४५ मध्ये पुदुच्चेरीस उतरले व तेथून विशाखापट्टणमला गेले. त्यांच्या कार्यक्षेत्राची हद्द पश्चिमेकडे थेट नागपूरपर्यंत पसरली होती. योगायोग असा की स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनरी स्टीफन हिस्लॉप हेही १८४५ मध्येच नागपूरला आले. त्यांचे नाव आजही हिस्लॉप महाविद्यालयाच्या रूपाने टिकून आहे.

नागपूर परिसरातील आरंभीचे कॅथलिक हे धर्मांतरित स्थानिक नव्हते. १८२१ मध्ये वसलेल्या कामठी छावणीत मद्रास सैन्याच्या पलटणी असत. त्यांतील आयरिश गोरे सैनिक आणि तमिळ शिपाई व त्यांचे कुटुंबीय यांत कॅथलिकांची संख्या बरीच होती. नवे धर्मगुरू आले ते प्रामुख्याने त्यांच्यासाठी. सव्हॉयच्या डोंगरातून आलेल्या फ्रेंचभाषकांनी इंग्रजी, तमिळ, हिंदी आणि मराठी अशा चार भाषांच्या गर्दीत काम करायचे होते. नागपूरच्या चर्चचे बहुभाषिक स्वरूप तेव्हापासूनचे आहे.

शिक्षण हे या मिशनचे मुख्य अंग राहिले. सदर भागातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० पासूनची आहे. मुलींच्या शिक्षणाची धुरा आनसीहूनच आलेल्या सेंट जोसेफच्या भगिनींनी वाहिली. पुढे सेमिनरी हिल्सवर सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालय निघाले. त्या टेकडीला हे नावही तेथील सेंट चार्ल्स सेमिनरीवरूनच पडले आहे. या शाळा-महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी धर्म बदलला असेल.

११ जुलै १८८७ रोजी नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. फ्रान्सेलियन संघाचे अलेक्सिस रिकाझ हे पहिले बिशप होत. मध्य प्रांत व वऱ्हाडाचा विस्तीर्ण मुलूख या धर्मप्रांतात होता. पुढे त्यातून इतर धर्मप्रांत वेगळे झाले. १९५५ मध्ये अमरावती स्वतंत्र झाला. १९५३ मध्ये नागपूरला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि युजीन डिसोझा पहिले आर्चबिशप झाले.

धर्मप्रसाराविषयीचा वाद

श्रद्धा सांगणे कोठे संपते आणि दडपण आणणे कोठे सुरू होते, या प्रश्नाची भारतातील सर्वांत गाजलेली चौकशी नागपुरातच झाली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती. १४ एप्रिल १९५४ रोजी राज्य शासनाने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. वर्ध्याचे गांधीवादी ख्रिस्ती प्राध्यापक एस. के. जॉर्ज हेही समितीत होते. समितीने ११ हजारांहून अधिक लोकांशी संपर्क साधला. तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा, दवाखाने, कर्ज अशा सोयींचा धर्मांतरासाठी वापर होतो, असा निष्कर्ष काढून अशा वापरास बंदी घालण्याची शिफारस त्यात होती. ख्रिस्ती संघटनांनी हा अहवाल एकांगी असल्याचे सांगून फेटाळला. त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांमध्ये स्वतः न्या. नियोगीही होते. ही गोष्ट नियोगी अहवालाचे समर्थक व विरोधक दोघेही सहसा सांगत नाहीत. धर्मांतर या कृतीलाच त्यांचा विरोध होता, असे मग म्हणता येत नाही. त्यांचा आक्षेप साधनांवर होता.

या अहवालाच्या पार्श्वभूमीवर मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरी, कपट किंवा प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरास बंदी घालणारा कायदा केला. विदर्भ तोवर महाराष्ट्रात आला असल्याने नागपूरला तो लागू झाला नाही. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारलेल्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रातही याच्याशी मिळतेजुळते सूत्र आहे. श्रद्धेचा प्रसार करताना दडपण किंवा अनुचित मार्गाने मन वळविण्याचा आभासही नसावा, विशेषतः गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत, असे त्यात म्हटले आहे. ड्यूकच्या बडग्याला मूकसंमती देणाऱ्या १५९८च्या चर्चपासून हे बरेच दूरचे ठिकाण आहे. परिषदेत नागपूरचे प्रतिनिधित्व केलेले युजीन डिसोझा १९६३ मध्ये भोपाळचे आर्चबिशप झाले होते.

उपवासकाळ आणि दीक्षार्थी

प्राचीन चर्चमध्ये उपवासकाळ हा मुळात ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचा शेवटचा टप्पा होता. तयारी कित्येकदा दोन-तीन वर्षे चाले. मध्ययुगात ही पद्धत मागे पडली. व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ मध्ये प्रौढांसाठी तिचे पुनरुज्जीवन झाले. तिच्यानुसार प्रौढ व्यक्तीने श्रद्धेची इच्छा व्यक्त केल्यावर तिला आधी दीर्घकाळ दीक्षार्थी म्हणून राहावे लागते. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी 'निवडीचा विधी' होतो. तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी दीक्षार्थींसाठी विशेष प्रार्थना होतात. त्या रविवारी विहिरीकाठची शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजरस या योहानाच्या शुभवर्तमानातील तीन कथा वाचल्या जातात. पहिल्या कथेत येशू पाणी मागून संभाषण सुरू करतो आणि ती स्त्री वाद घालत, शंका काढत हळूहळू उमगत जाते. कोणत्याही टप्प्यावर दीक्षार्थीला थांबण्याची मोकळीक असते.

स्मरण आणि नामसाधर्म्य

संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण २४ जानेवारीस असतो. पूर्वी तो २९ जानेवारीस होता. पोप दरवर्षी जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश याच दिवशी प्रसिद्ध करतात. त्यांच्या मृत्यूच्या चारशेव्या स्मृतिदिनी, २८ डिसेंबर २०२२ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक विशेष पत्र काढले.

डॉन बॉस्को यांनी १८५९ मध्ये इटलीत स्थापन केलेल्या संघालाही याच संतावरून 'सेल्सियन' हे नाव मिळाले. तो संघ नागपूरच्या फ्रान्सेलियन संघाहून वेगळा आहे. असिसीचे संत फ्रान्सिस (तेरावे शतक) आणि गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२) हेही वेगळे संत होत. नागपूरच्या 'एसएफएस'मधील शेवटचे अक्षर 'सेल्स' या मूळ गढीच्या नावाचे आहे. विक्री या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. विद्यार्थी मात्र हा विनोद दरवर्षी नव्याने करीत असतात.